जुनी लिफ्ट मोडीत न काढता दुरुस्त करून घेतली: दीड वर्षानंतरचा अनुभव

आठ मजल्यांची इमारत, दोन लिफ्ट, दोन सरकते जिने. खाली दुकानं, वर कार्यालयं. हे सगळं चालू ठेवायची नोकरी माझी. लिफ्ट २७ वर्षांच्या आहेत, जिने त्यांच्याहून थोडे लहान. दोन वर्षांपूर्वी भाडेकरूंच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मी साध्या जिन्यानेच ये-जा करू लागले, लिफ्टमध्ये कोणी गाठू नये म्हणून. शेवटी नव्या कंपनीला काम दिलं. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल थोडं कडूही लिहायचं आहे.

आधीच्या कंत्राटदाराचा एक मुलगा महिन्यातून एकदा यायचा, मशीन रूममध्ये दहा मिनिटं घालवायचा, तेल सोडायचा आणि सही घेऊन जायचा. सही मीच करायचे, काय केलंस हे एकदाही न विचारता. तो दोष माझा.

मग मी एक वही घातली. लिफ्ट बंद पडली की तारीख, वेळ, मजला, कोण आलं, काय केलं. तीन महिन्यांत ४१ नोंदी झाल्या. त्यांतल्या २९ दरवाज्याच्या, आणि त्या २९ पैकी १७ एकट्या तिसऱ्या मजल्याच्या! तिसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयात रोज सामानाच्या ढकलगाड्या जातात. दर वेळी लोखंडी चाक उंबरठ्यावरच्या खाचेवर आपटायचं. खाच चेपली होती, दरवाज्याचा खालचा शू, म्हणजे त्या खाचेतून सरकणारा तुकडा, त्यात अडकायचा, लॉकचा संपर्क पुरा व्हायचा नाही, आणि लॉक लागलं नाही तर लिफ्ट हलत नाही, हलूही नये. तो मुलगा दर वेळी दरवाजा हाताने ढकलून ‘झालं’ म्हणायचा.

तीन कंपन्या पाहायला आल्या. एकीने पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात, न उतरताच ‘सगळंच बदला’ म्हणून सांगितलं. दुसरीच्या माणसाने लिफ्टच्या आतली मापं घेतली आणि स्टीलचे नमुने दाखवले. तिसरीचा इंजिनियर आला त्याने पहिल्यांदा विचारलं, बिघाडांची नोंद आहे का? वही घेऊन तो अर्धा तास एका पायरीवर बसला. काम त्याच्या कंपनीला मिळालं ते या अर्ध्या तासामुळे.

त्याचा अहवाल वाचून मला पहिलं नवल वाटलं ते काय बदलायचं नाही याचं. गाइड रेल म्हणजे लिफ्ट ज्यांना धरून सरकते ते उभे रूळ ठेवा, लिफ्टला तोलणारं काउंटरवेट ठेवा, गाडीची म्हणजे माणसं उभी राहतात त्या पेटीची चौकट ठेवा, एका लिफ्टची गिअरवाली मशीनसुद्धा ठेवा, तिला अजून काही वर्षं आहेत. बदलायचं ते लिफ्टला हुकूम देणारा कंट्रोलर, दरवाज्यांची यंत्रणा, लॉक, वायरिंग आणि दोर. दोरांवरून आमच्या मालकांनी वाद घातला. एकाच दोराच्या तारा तुटल्यात तर चारही कशाला? पण जुन्या ताणलेल्या तीन दोरांत एक नवा घातला तर ओझं सारखं वाटलं जात नाही, आणि दोर ज्या चाकावरून फिरतात त्याच्या खाचा वेगवेगळ्या झिजत जातात. म्हणून संच बदलायचा असतो. खाचाही कंपनीने तासून सारख्या केल्या.

जुना कंट्रोलर रिलेंचा, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचांचा होता. कपाटभर रिले, अखंड टकटक. मोटर दोन वेगांची, त्यामुळे लिफ्ट भरलेली असली की मजल्याच्या चार बोटं खाली थांबायची, रिकामी असली की वर. पाचव्या मजल्यावरचे काठी घेऊन चालणारे एक गृहस्थ याच चार बोटांना अडखळून पडले होते. आता मोटरचा वेग व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्ह सांभाळतो, म्हणजे विजेचा दाब आणि वारंवारता बदलून वेग हळूहळू कमी-जास्त करणारं यंत्र. युरोपीय मानकात मजल्याशी थांबताना दहा मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. काम सोपवताना इंजिनियरने प्रत्येक मजल्यावर पट्टी लावून दाखवलं. भाडेकरूंना कंट्रोलर दिसत नाही, पण हा फरक पहिल्याच दिवशी पायाला कळला.

दोर तुटून लिफ्ट कोसळेल ही भीती सगळ्यांनाच असते. त्यावरचा इलाज फार जुना आहे. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीत लिफ्टचा सुरक्षा-ब्रेक बनवणाऱ्या एलिशा ओटिसने स्वतः लिफ्टच्या पाटावर उभं राहून वरचा दोर कापायला लावला, आणि पाट थोडासा सरकून जागीच अडकला. मला माहीत नव्हतं ते वेगळंच. काउंटरवेट रिकाम्या गाडीपेक्षा जड असतं, लिफ्टच्या क्षमतेच्या साधारण निम्म्या भाराने. ब्रेक झिजून सुटला आणि गाडीत एकदोनच माणसं असली, तर ती खाली येत नाही, वर जाते! आणि आमच्या लिफ्टची जुनी सेफ्टी, म्हणजे गाडी सुटली तर तिला रुळाला पकडून धरणारी यंत्रणा, फक्त खाली जाताना पकडायची. दरवाजा उघडा असताना गाडी अशी सरकली तर काय होईल, हे इंजिनियरने सांगितल्यावर मी खर्चाच्या कागदावर आणखी एक ओळ वाढवली. दोरालाच पकडणारा ब्रेक दोन्ही लिफ्टना बसवला. हे आधीच्या कंपनीने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

आता सरकते जिने. एका जिन्याच्या पायऱ्या काढून खालचा पत्रा उघडला तेव्हा मी तिथेच होते. तेलात भिजलेल्या धुळीचा बोटभर थर, त्यात कागद, केसांच्या पिना, नाणी, एक लहान मुलाची चप्पल. वरून तेल पाजत राहायचं आणि खालून काढायचं काहीच नाही, अशी आमची देखभाल चालली होती. १८ नोव्हेंबर १९८७ ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात ३१ माणसं गेली, तेव्हा आग लाकडी सरकत्या जिन्याखाली साठलेल्या अशाच ग्रीस आणि कचऱ्यात लागली होती, बहुधा कुणाच्या जळत्या काडीने. आमचा जिना लाकडी नाही, पण तो थर पाहून मला घाम फुटला. आता साफसफाईचा फोटो तारखेसह आल्याशिवाय मी बिल पुढे पाठवत नाही.

दुसरी गोष्ट हँडरेलची, म्हणजे हाताने धरायच्या सरकत्या पट्ट्याची. आमचा हँडरेल पायऱ्यांच्या मागे पडायचा. वर पोचेपर्यंत हात मागे ओढला जायचा, आणि म्हातारी माणसं हँडरेल सोडूनच द्यायची. हँडरेल पायऱ्यांइतकाच किंवा जेमतेम दोन टक्के पुढे चालावा असा नियम आहे. पायरी आणि बाजूचा पत्रा यांच्यातली फट एका बाजूला चार मिलिमीटरपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंची मिळून सातपेक्षा नको. आमच्याकडे एका जागी सहा भरली. रबरी चपला आणि लहान मुलांची बोटं तिथेच अडकतात. फट कमी केली, ब्रश लावले. ब्रेकही सैल केला, कारण आमचा जिना थांबताना माणसांना पुढे फेकायचा. मी तर ब्रेक घट्ट म्हणजे चांगला असंच समजत होते.

बंद पडलेला सरकता जिना साधा जिना म्हणून वापरू देऊ नका, हेही नव्या कंपनीनेच सांगितलं. पायऱ्या नेहमीच्या जिन्यापेक्षा उंच असतात आणि वर-खाली टोकांना त्यांची उंची बदलत जाते. दुकानदार कुरकुरले, पण मी आडवी फळी लावली.

काम एका वेळी एकाच लिफ्टचं केलं. एकीला पाच आठवडे म्हणाले, सात लागले. त्या काळात एकच लिफ्ट आणि आठ मजले. दुसऱ्या व पाचव्या मजल्याच्या वळणावर खुर्च्या ठेवल्या, सामानाला सकाळी नऊच्या आतली वेळ दिली. पण चिडचिड ओसरली ती फलकामुळे. आधी आम्ही ‘लिफ्ट बंद आहे’ एवढंच लावायचो. या वेळी रोज लिहिलं: आज कुठलं काम, कुठला भाग यायचा राहिलाय, चालू कधी होणार. तारीख दोनदा चुकली, दोन्ही वेळा खोडून त्याच फलकावर नवी लिहिली. फोन थांबले. एक गाळेधारक तर मशीन रूम बघायला वर चढून आले.

आता कडू. नव्या कंट्रोलरचे बिघाड-संकेत वाचायला कंपनीचं स्वतःचं उपकरण लागतं, ही गोष्ट सही करण्याच्या आदल्या दिवशी कळली, तीही मी विचारलं म्हणून. ते उपकरण नसेल तर उद्या दुसरा कोणी दुरुस्ती करूच शकणार नाही, म्हणजे आम्ही कायमचे बांधलेले. दोन आठवडे भांडून ते उपकरण मशीन रूममध्येच राहील असं करारात घालून घेतलं. आत माणूस अडकला तर अर्ध्या तासात येऊ, असं लिहून दिलं आहे. एकदा ५० मिनिटं लागली. आत तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी होती, आणि मी बाहेरून तिच्याशी बोलत बसले. दंडाचं कलम होतं म्हणून त्यांनी निमूट कापून घेतलं, पण तिच्या त्या ५० मिनिटांचं काय? शिवाय मेकॅनिक दर दोनतीन महिन्यांनी बदलतो. नव्या माणसाला मी आधी वही वाचायला देते, मग किल्ली.

आणि लिफ्टमधल्या आवाजातली ती मजला सांगणारी बाई! आवाज एवढा मोठा की सहाव्या मजल्यावरच्या वकिलांना बंद दाराआड ‘सहावा मजला’ ऐकू यायचं. कमी करायला तीन फेऱ्या झाल्या. त्याच मजल्यावरचे एक जुने भाडेकरू मात्र म्हणतात, पूर्वी टकटक ऐकली की लिफ्ट निघाली हे कळायचं, आता बाहेर येऊन बघावं लागतं.

गेल्या तीन महिन्यांत वहीत पाच नोंदी आहेत, त्यांतल्या दोन वीज गेल्याच्या. पाचपैकी साडेतीन तारे देते. दुसऱ्या जिन्याचं काम यांनाच दिलंय, फक्त करारातला ‘अर्धा तास’ ठळक करून घेतला आणि दंड दुप्पट.