आठ जणांचा नवा जॅझ संच: पूर्ण नोटेशन की नुसता आराखडा?

नोटेशन म्हणजे प्रत्येकाने वाजवायचे स्वर लिहून देणं; आराखडा म्हणजे फक्त ढोबळ रूपरेषा, बाकी वाजवताना सुचेल ते. नॉर्वेत दोन्ही टोकं सापडतात. 1994 पासूनचा ‘जागा जॅझिस्ट’ हा संच म्हणजे लार्स हॉर्नत्वेथच्या बारकाईने बांधलेल्या रचना. 1997 मध्ये सुरू झालेला ‘सुपरसायलेंट’ हा संच तालीमच करत नाही. काय वाजवायचं यावर आधी चर्चाही नाही. नवख्या संचाला यातलं काय झेपेल?

तालमी: नोटेशनला जास्त लागतात. शिवाय प्रत्येक वाद्याची वेगळी प्रत हवी: आल्टो सॅक्सोफोनची ई-फ्लॅटमध्ये, ट्रम्पेटची बी-फ्लॅटमध्ये, कारण या वाद्यांत लिहिलेला स्वर आणि प्रत्यक्ष निघणारा स्वर वेगळा असतो. तिथे चूक राहिली की अर्धी तालीम दुरुस्तीत जाते. आराखडा एका पानात मावतो.

बिघाड: नोटेशनमध्ये खरी गोम सांध्यात. सोलो रंगतो, लिहिलेल्या भागात कधी परतायचं ते ठरलेलं नसतं. मग ड्रम एकीकडे, बास भलतीकडे. खूण एकानेच द्यावी: हात वर म्हणजे तयारी, खाली आला की चार बारनंतर (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) सगळे एकत्र. आराखड्याचं दुखणं वेगळं, आठही जण एकदम वाजवत सुटतात. सुरुवातीला एका वेळी तिघंच, हा नियम कडक ठेवा.

बदली वादक वारंवार येत असतील तर नोटेशनच. तेच आठ जण वर्षभर टिकणार असतील तर आराखडा. छोट्या कार्यक्रमाला सुरुवात-शेवट लिहून मधला भाग मोकळा सोडावा.