गाळ्यासाठी काय घ्यायचं: एबीसी पावडर की सीओटू?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाळा सुरू करताना फायर एक्स्टिंग्विशरवाला हमखास विचारतो, ‘पावडर देऊ की सीओटू?’ म्हणजे आग विझवायच्या नळकांड्यात एबीसी पूड (वेगवेगळ्या प्रकारच्या आगींवर चालणारी) हवी की कार्बन डायऑक्साइड वायू. बहुतेक जण स्वस्त म्हणून पावडर उचलतात. निवड बऱ्याचदा बरोबर असते, कारण मात्र चुकीचं.

पुठ्ठा, लाकूड, कापड असा माल असेल तर पावडरच हवी. तिच्यातलं अमोनियम फॉस्फेट उष्णतेने वितळून निखाऱ्यावर थर धरतं. सीओटूने ज्वाळा विझतात, पण वायू पांगला की पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यात धुमसणारी आग पुन्हा भडकते. थिनरच्या आगीवर दोन्ही चालतात, फक्त सीओटूचा मारा आखूड, त्यामुळे आगीच्या फार जवळ जावं लागतं.

सीओटूची खरी जागा इलेक्ट्रिक पॅनल, सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) कंट्रोलर किंवा महाप्यातल्या ऑफिसची सर्व्हर रूम. वापरल्यावर मागे काही उरत नाही. पावडरही विजेच्या आगीवर चालते, पण ती पूड सर्किटच्या कार्डांत शिरते आणि आपल्याकडच्या दमट हवेत धातू खाते. आग विझते, मशीन मात्र कामातून जातं. सीओटू मारताना वायू जिथून बाहेर पडतो त्या भोंग्याला हात लावू नका, गारठ्याने कातडी भाजते. आणि छोट्या बंद खोलीत मारलात तर लगेच बाहेर पडा, गुदमरायला होतं.

देखभालीत पावडर सोपी वाटते, कारण दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे कुणालाही दिसतं. पण काटा ठीक असूनही आतली पूड घट्ट बसलेली असू शकते. सीओटूला सहसा काटा नसतो, त्याचं वजनच करावं लागतं. गॅस दहा टक्क्यांहून जास्त घटला की रिफिल. वजनकाटा न आणता नुसतं नवं स्टिकर चिकटवून जाणारा सर्व्हिसवाला बदला. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी (आगीची साधनं चालू स्थितीत असल्याचा दाखला) घ्यावा लागतो, तेव्हा हे सगळं समोर उभं राहून करून घ्या. खरेदीत आयएसआय शिक्का आणि आयएस 15683 (या नळकांड्यांसाठीचं भारतीय मानक) पाहा.

एकाचेच पैसे असतील तर गाळ्याला पावडर. महागडं मशीन असेल तर सीओटूही घ्या, पण पॅनलला खेटून टांगू नका; पॅनलच पेटलं तर हात पोचणार नाही. दाराकडच्या वाटेवर ठेवा.