एस्पासनेट : पेटंटचा अर्ज करण्यापूर्वीचा शोध

एखादी युक्ती सुचली, तिचा नमुना तयार झाला आणि तो नीट चालू लागला, की संशोधकाला घाई होते ती अर्ज दाखल करण्याची. माझेही तसेच झाले होते. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेत मी शंकूच्या आकाराची स्प्रिंग बसवली होती आणि हे आजवर कोणी केलेले नसणार, अशी माझी खात्री होती. तरीही सल्लागाराकडे जाण्यापूर्वी मी तीन आठवडे एस्पासनेटवर शोध घेतला. युरोपियन पेटंट ऑफिसची ही सेवा १९९८ पासून सुरू आहे, ती मोफत आहे आणि जगभरातील १५ कोटींहून अधिक पेटंट दस्तऐवज तिच्यात पाहता येतात.

पहिला आठवडा मी केवळ शब्दांनी शोधण्यात घालवला, आणि नवा वापरकर्ता नेमका इथेच फसतो. एकाच वस्तूला कोणी चेक व्हॉल्व्ह म्हणतो, कोणी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, कोणी वन-वे व्हॉल्व्ह. शिवाय अर्जाचा मसुदा करणारा वकील हक्काची व्याप्ती वाढावी म्हणून तिला ‘द्रवाचा प्रवाह नियंत्रित करणारे साधन’ असेही म्हणून ठेवतो. या सेवेचे खरे बळ आहे ते सीपीसी (कोऑपरेटिव्ह पेटंट क्लासिफिकेशन) या, पेटंटची विषयवार विभागणी करणाऱ्या वर्गीकरणात. युरोपियन आणि अमेरिकी पेटंट कार्यालयांनी संयुक्तपणे तयार केलेली ही पद्धत २०१३ पासून वापरात आहे. तिच्यात ‘एफ१६के’ हा वर्ग झडपांचा आणि त्यातील १५ हा गट एकदिशा झडपांचा आहे. मूळ दस्तऐवज जपानी असो वा जर्मन, झडपेला त्यात कोणतेही नाव दिलेले असो, तो बहुधा याच कप्प्यात सापडतो. शब्दांऐवजी हा वर्ग घालून शोधल्यावर दुसऱ्याच दिवशी मला काही दशकांपूर्वीची एक आकृती दिसली. तिच्यात माझीच स्प्रिंग होती, अगदी निमुळत्या टोकाच्या दिशेसकट.

त्या दस्तऐवजाचे पेटंट कधीच संपलेले होते, कारण पेटंटची मुदत सर्वसाधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते. त्यामुळे ती स्प्रिंग वापरायला मला कोणाची परवानगी लागणार नव्हती; पण तिच्यावर नवा हक्कही सांगता येणार नव्हता. या दोन गोष्टींची गल्लत फार जण करतात. पेटंटचा हक्क ज्या देशात ते मंजूर झाले त्या देशापुरताच असतो, मात्र नावीन्य मोजताना जगात कुठेही आधी प्रसिद्ध झालेला कागद आड येतो. एकाच शोधासाठी कोणकोणत्या देशांत अर्ज झाले, हे ‘पेटंट फॅमिली’ या विभागात एकत्र दिसते, आणि उत्पादन कुठे विकायचे हे ठरवणाऱ्या व्यावसायिकाने तो विभाग अवश्य पाहावा.

माझ्या मते सर्वांत मोलाचे आहेत ते शोध अहवाल, म्हणजे पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाला अर्जाशी संबंधित आधीचे कोणते कागद सापडले त्यांची यादी. युरोपियन अर्जाच्या क्रमांकापुढे ‘ए१’ असेल, तर परीक्षकाचा अहवाल त्यासोबतच छापलेला असतो. त्यात ‘एक्स’ अशी खूण असलेला संदर्भ एकटाच नावीन्याला किंवा कल्पकतेला धक्का देणारा मानला जातो, ‘वाय’ खुणेचा दुसऱ्या संदर्भाशी जोडल्यावर अडचणीचा ठरतो आणि ‘ए’ ही केवळ पार्श्वभूमी असते. परीक्षक कसा विचार करतो, हे अशा पाच-सहा अहवालांतून मला जितके उमगले तितके कोणत्याही मार्गदर्शिकेतून उमगले नव्हते.

मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. अर्ज सहसा १८ महिन्यांनंतरच प्रसिद्ध होतात, त्यामुळे अलीकडे कोणी काय दाखल केले आहे, हे इथेच काय, कुठेही दिसत नाही. यांत्रिक भाषांतर आशय कळण्यापुरते उपयोगी आहे. दाव्यांचा, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला आहे हे सांगणाऱ्या वाक्यांचा, काटेकोर अर्थ त्यावरून लावू नये. एखादे पेटंट चालू आहे की शुल्क न भरल्याने रद्द झाले, याची अखेरची खातरजमा त्या त्या देशाच्या नोंदवहीतच करावी. आणि मसुदा लिहिणाऱ्या जाणकाराची जागा ही सेवा घेत नाही. त्याच्यासमोर आपण कोणते कागद घेऊन बसतो, एवढाच फरक ती करते, आणि तो फरक मोठा आहे.

माझ्या सल्लागारापुढे मी अकरा दस्तऐवज ठेवले. अर्जातील पहिला दावा आता स्प्रिंगबद्दल नाही. झडप जिथे टेकते त्या कडेला मी गाळ साचू नये म्हणून घेतलेल्या तिरप्या खाचेबद्दल आहे. त्या अकरांपैकी एकाही आकृतीत ती खाच नव्हती.