तालुका की मतदारसंघ? सातारा जिल्ह्याचे दोन नकाशे

सातारा जिल्ह्यात तालुके 11, विधानसभा मतदारसंघ मात्र 8. जमीन तीच, रेघा वेगळ्या.

तालुका हा महसुलाचा. राज्य सरकार 1966 च्या जमीन महसूल संहितेनुसार तो ठरवतं. सातबारा, फेरफार, दाखला, सगळ्यासाठी पाय तहसील कचेरीकडेच वळतात. मतदारसंघ लोकसंख्येवर आखलेला. सध्याच्या हद्दी 2001 च्या जनगणनेवर बेतलेल्या, 2008 पासून लागू.

म्हणून कराड तालुक्याच्या भागात उत्तर आणि दक्षिण असे दोन मतदारसंघ, तर वाई, खंडाळा, महाबळेश्वर या तिन्ही तालुक्यांना मिळून एकच आमदार. डोंगरातली विरळ वस्ती पाहता हिशोब बरोबर आहे, पण महाबळेश्वरचा पाऊस आणि खंडाळ्याचा कोरडा माळ यांचे प्रश्न एकाच माणसानं मांडायचे, हे मला जड वाटतं.

लोकसभेला तर फलटण आणि माण सोलापूरकडच्या माढ्यात जातात. म्हणजे जिल्हाधिकारी साताऱ्याचे, खासदार माढ्याचे! दुष्काळी माणच्या शेतकऱ्यानं पाण्यासाठी नक्की कोणाचं दार वाजवायचं?

रोजच्या कामाला तालुकाच जवळचा. लोक गावाची ओळखही तालुक्यानंच सांगतात: ‘दहिवडी, तालुका माण.’