सिग्नल प्रोसेसिंगमध्ये पीएचडी: हाताची शस्त्रक्रिया घ्यावी की बाजारभाव?

इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर किंवा संख्याशास्त्र करून पीएचडीच्या तयारीत असलेल्यांपुढे मराठवाड्यात दोन विषय हमखास येतात. पहिला, हाताच्या शस्त्रक्रियेनंतर स्नायूंच्या विद्युत संकेतांवरून, म्हणजे ईएमजीवरून, हात किती सावरला हे मोजणं. दुसरा, सोयाबीन-हरभऱ्याच्या भावाचं किंवा शेअरच्या किमतीचं मॉडेल बांधणं. गणित दोन्हीकडे जवळपास तेच, संकेतातून गोंगाट वेगळा काढण्याचं: फिल्टर, फूरिए, वेव्हलेट, काल्मन. त्यामुळे गणिताच्या आवडीवर विषय ठरवण्यात अर्थ नाही. डेटा कुणाच्या ताब्यात आहे, तो मुदतीत हाती येईल का, आणि कोणत्या चुकीने प्रबंध कोसळतो, एवढं आधी पाहा.

रुग्ण आहेत, पण वेळ त्यांच्या हातात

छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हाताच्या दुखापती येतच असतात. पॉवर प्रेस, मळणी यंत्र, कडबा कुट्टी, रसवंतीचा चरक. पण इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला थेट वॉर्डात जाऊन रुग्णाला इलेक्ट्रोड लावता येत नाहीत. सर्जन किंवा फिजिओथेरपिस्ट सहमार्गदर्शक हवा, त्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी, आणि अभ्यासात उपचाराची पद्धतच बदलून बघायची असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी हवी. संमतीपत्र मराठीत असावं. वाचता न येणाऱ्यासाठी निष्पक्ष साक्षीदार लागतो. उजवा हातच प्लास्टरमध्ये असेल तर सही किंवा अंगठा कसा घेणार, हे अर्जात आधीच लिहून टाका.

खरी अडचण जीवशास्त्राची आहे. तुटलेली नस जोडली की नवे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतात. करंगळीच्या बाजूची अल्नार नस मनगटाशी तुटली असेल तर पंजातल्या स्नायूंपर्यंत पोचायला तीन-चार महिने जातात. कोपराशी तुटली असेल तर वर्ष सहज लागतं. तोपर्यंत त्या स्नायूत रुग्णाच्या इच्छेने उमटणारा ईएमजी मिळतच नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं, त्यात कोर्सवर्क आलंच. म्हणून नसेपेक्षा फ्लेक्सर टेंडनच्या, म्हणजे बोटं मिटवणाऱ्या स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या, दुखापती घेतलेल्या बऱ्या. टेंडन जोडल्यावर जड कामाला साधारण १२ आठवड्यांनी परवानगी मिळते, म्हणजे ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिने अशा तीन तपासण्यांत अभ्यास बसतो. झोन दोनच्या दुखापती, म्हणजे तळव्याच्या वरच्या रेषेपासून मधल्या पेरापर्यंतच्या, इतर झोनमध्ये मिसळू नका. तिथे दोन टेंडन एकाच अरुंद आवरणातून जातात, ते चिकटतात, आणि निकाल वेगळाच लागतो.

एक गोष्ट सर्जनला विचारल्याशिवाय कधीच करू नये. ईएमजीच्या पुस्तकात सांगितलेलं असतं की आधी पूर्ण ताकदीने मूठ आवळायला लावा आणि त्या आकड्याने बाकीचं भागा. टेंडन जोडल्यानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत अशी मूठ आवळायला लावली तर जोड तुटू शकतो. त्या टप्प्यावर या भागाकारासाठी, म्हणजे नॉर्मलायझेशनसाठी, सर्जनने ठरवून दिलेली हलकी हालचालच घ्यायची.

मग गळतीचा प्रश्न. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात ती थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालेला माणूस तीन महिन्यांच्या तपासणीला कारखान्याच्या फडात असतो. शेवटी ४० रुग्ण हातात हवेत आणि ३० टक्के गळती धरली, तर ४० भागिले ०.७ म्हणजे ५८ जणांची नोंद करावी लागते. शक्य असेल तिथे कारखान्याजवळच्या रुग्णालयात एक तपासणी होईल अशी सोय आराखड्यातच ठेवा. आणि प्रवासखर्च रुग्णाच्या खिशातून जाता कामा नये; तो तुमच्या अंदाजपत्रकातला पहिला आकडा असावा.

संकेत कसा बिघडतो

त्वचेवरून घेतलेल्या ईएमजीतला कामाचा भाग साधारण २० ते ४५० हर्ट्झमध्ये असतो, त्यामुळे सॅम्पलिंग निदान १००० हर्ट्झ, शक्यतो २००० हर्ट्झ. इलेक्ट्रोडमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत २० मिलिमीटर, दिशा स्नायूतंतूंना समांतर. कोपराच्या पुढे स्नायू इतके दाटीने आहेत की बोटांच्या इलेक्ट्रोडमध्ये मनगटाच्या स्नायूचा संकेत घुसतो. आठ चॅनेल घेतले तर प्रत्येकी दोन आणि एक संदर्भाचा, असे एका बैठकीला १७ इलेक्ट्रोड. ५८ रुग्ण, तीन तपासण्या: सगळे आले तर २,९५८.

५० हर्ट्झची गुणगुण आपल्याकडे कायमची पाहुणी. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर रेकॉर्ड करा. वीज गेल्यावर खोली साध्या इन्व्हर्टरवर चालत असेल तर लाट साइन राहत नाही आणि १५०, २५० हर्ट्झलाही टोकं दिसतात, म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर वीज कशावर होती तेही लिहा. मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड सुटतात. स्पिरिटने पुसून त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्यायची, मगच चिकटवायचं.

भावाचा डेटा फुकट आहे, पण स्वच्छ नाही

इथे परवानगी नको, प्रवास नको. लातूरच्या सोयाबीनची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर रोजचे मिळतात. शेअरचे रोजचे बंद भाव एनएसईच्या भावकॉपीत, म्हणजे रोजच्या भावांच्या फाइलमध्ये, असतात. तिथे बोनस आणि स्प्लिटची दुरुस्ती आपली आपण करावी लागते, नाहीतर एकास एक बोनसच्या दिवशी ५० टक्क्यांची खोटी पडझड दिसते.

बाजार समितीच्या आकड्यांत दोन खोडी आहेत. एक, ऑक्टोबरात ओला माल येतो. हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. त्याहून ओल्या मालाचा दर पडतो आणि सर्वसाधारण दरही खाली ओढला जातो. मॉडेल त्याला मंदी समजतं. दुसरी, काही दिवस आदलाच दर पुन्हा चढवलेला दिसतो. त्या दिवसांचा परतावा शून्य येतो आणि चढउतार प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. चढउतार मोजणारं गार्च मॉडेल लावण्याआधी आवक शून्य असूनही दर असलेले दिवस वेगळे काढा.

वायदा आणि हजर भावाचं नातं हा विषय मनात असेल तर जपून. तुरीचे वायदे जानेवारी २००७ मध्ये बंद झाले. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन, हरभरा धरून सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती मुदत पुढे वाढवत नेली. म्हणजे मालिका मधेच तुटलेली आहे.

एकच फिल्टर, दोन निकाल

निवडीच्या दृष्टीने आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. ईएमजी नंतर बसून तपासायचा असेल तर संकेत एकदा पुढून आणि एकदा मागून फिल्टर करतात, म्हणजे फेज (लाटेची वेळ) सरकत नाही. चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ फिल्टर असा दोनदा फिरवला की कटऑफवर ३ऐवजी ६ डेसिबलची घट होते, एवढं लिहून दिलं की काम चोख. तोच फिल्टर भावाच्या मालिकेवर फिरवला की सोमवारच्या आकड्यात मंगळवारचा भाव मिसळतो. मग मॉडेल मंगळवारचं 'भाकीत' करतं आणि अचूकता बघून सगळे खूश होतात. संपूर्ण मालिकेचं वेव्हलेट विघटन करून नंतर ट्रेन (शिकवायचा) आणि टेस्ट (तपासायचा) भाग वेगळे केले तरी हेच घडतं. सुट्टीचे दिवस आदल्या आणि पुढच्या दराची सरासरी काढून भरले तरीही हेच. भावाच्या कामात प्रत्येक पायरीला फक्त त्या दिवसापर्यंतचाच डेटा दिसला पाहिजे. विघटन रोज नव्याने, सरकत्या खिडकीत.

शिवाय भाव ४,५०० आणि रोजचा बदल ४० रुपये असेल, तर 'उद्याचा भाव आजचाच' एवढं म्हटलं तरी चूक एक टक्क्याच्या आत राहते. ९९ टक्के अचूकता हा निकालच नव्हे. या साध्या भाकिताशी तुलना आणि दोन भाकितांच्या चुकांतला फरक खरा आहे का हे सांगणारी डिबोल्ड-मारियानो चाचणी प्रबंधात नसेल, तर जाणकार परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारणार.

हाताच्या कामातली फसगत वेगळी. दहा सेकंदांची आठ चॅनेलची एक नोंद २००० हर्ट्झला १,६०,००० आकडे देते, पण तो माणूस एकच. २०० मिलिसेकंदांच्या एकमेकींवर चढलेल्या खिडक्या सरमिसळ करून वाटल्या, तर त्याच रुग्णाचा तोच क्षण ट्रेन आणि टेस्ट दोन्हींत जातो. वाटणी रुग्णानुसारच करायची. भावाकडे उलट: दहा वर्षांचे सुमारे २,५०० दिवस, आणि इतिहास एकच, तो पुन्हा घडवून पाहता येत नाही.

कुणी काय घ्यावं

सर्जन किंवा फिजिओथेरपिस्टने सहमार्गदर्शक म्हणून लेखी होकार दिला असेल आणि नोंदणीनंतर सहा महिन्यांत नैतिकता समितीपुढे जाता येत असेल, तर हाताचा विषय घ्या. कष्टाचा आहे, पण आपल्या भागात त्याची गरज डोळ्यांसमोर आहे, आणि असा डेटा दुसऱ्या कुणाकडे सहज नसतो. तोंडी आश्वासनावर मात्र आराखडा भरू नका.

नोकरी सांभाळून पीएचडी करत असाल किंवा संख्याशास्त्राचा पाया पक्का असेल, तर भाव. पण विषय 'भाकीत' ठेवू नका. चढउतार, बाजार समित्यांमधलं भावाचं वहन, लातूर आधी हलतं की नांदेड, असे प्रश्न जास्त टिकतात.

नुसत्या अल्गोरिदमचा तिसरा पर्याय सिद्धांतात खोल असलेला मार्गदर्शक असेल तरच. दोन्ही क्षेत्रं एकाच प्रबंधात घेऊ नका. परीक्षक मिळत नाही.

अर्ज भरण्याआधी एक आठवडा द्या. निनाप्रो हा हाताच्या ईएमजीचा खुला संग्रह आहे. त्यातला दुसरा डेटाबेस घ्या, ४० निरोगी माणसांचा, २००० हर्ट्झचा. पहिला घेऊ नका. तो १०० हर्ट्झला नोंदवलेला नुसता आवरण-संकेत, म्हणजे मूळ लाटेची वरची बाह्यरेषा, आहे, त्यावर वारंवारतेचं विश्लेषण चालत नाही. आठवड्याचा उरलेला अर्धा भाग लातूरच्या पाच वर्षांच्या सोयाबीन दरांना द्या आणि फक्त साफसफाई करा. ज्या डेटाच्या खोडी शोधताना जेवायची वेळ टळली, तो विषय अर्जात लिहा.