सहा महिने पर्सनल ट्यूशन लावून झाले, आमचा अनुभव

लेक दहावीत आहे. सगळ्यात जास्त फरक गणितात पडलाय. वर्गसमीकरणाचं सूत्र तोंडपाठ होतं पण बी ची किंमत ऋण असली की चिन्ह हमखास खायची, टीचरनी जुन्या वह्या चाळल्या आणि तिसऱ्याच दिवशी सांगितलं की कन्सेप्ट कच्चा नाहीये, घाई नडतेय, मग आलेलं उत्तर परत समीकरणात घालून शून्य येतंय का बघायची सवयच लावली. चाळीस जणांच्या क्लासमधे कोण बघणार हे?

फिजिक्स पण बरं आहे, अंतर्गोल आरशाच्या आकृत्या न बघता काढते आता. केमिस्ट्री मात्र रडतखडत. समीकरण संतुलित करायला सांगितलं तर आकडा पुढे लावायचा सोडून बाईसाहेबांनी एच टू ओ चं एच टू ओ टू करून टाकलं, म्हणजे पाण्याचं थेट हायड्रोजन पेरॉक्साइड 😂

इंग्लिश ठीकठाक. इतिहासाला वेगळे पैसे घालवू नका, नुसत्या नोट्स उतरवून देतात, ते घरी पण होतं.

एक तक्रार आहेच, क्लास कॅन्सल झाल्याचा मेसेज ऐनवेळी येतो, पोरगी वही उघडून बसलेली असते.

गणित-सायन्ससाठी डोळे झाकून लावा.