चार वायूंचा गॅस डिटेक्टर : सांडपाण्यासाठी उत्तम, वाइनच्या टाकीसाठी अपुरा

दिंडोरी परिसरातील आमच्या वायनरीसाठी यंदाच्या गाळप हंगामाआधी ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणारा, पंप असलेला गॅस डिटेक्टर घेतला. बांधणी दणकट आहे, हातमोजे घालूनही बटणे दाबता येतात आणि द्राक्षे पिळणारा प्रेस चालू असतानाही अलार्म स्पष्ट ऐकू येतो. सांडपाण्याच्या टाकीसाठी तो उत्तमच आहे, कारण हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होते आणि वासावर भिस्त ठेवणारा माणूस फसतो.

किण्वनाच्या, म्हणजे रस आंबवण्याच्या, टाकीबाबत मात्र तो अपुरा पडतो. एक लिटर द्राक्षरस आंबताना ४० लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हवेच्या दीडपट जड असल्याने रेड वाइन काढून घेतल्यावर तो चोथ्यावर साचून राहतो, आणि नेमका तोच वायू हे यंत्र मोजत नाही. मॅनहोलमधून नळी खाली सोडली तेव्हा ऑक्सिजनचा आकडा २०.९ वरून २०.१ टक्क्यांवर आला, १९.५ ला वाजणारा अलार्म अर्थातच गप्प राहिला. एवढी घट व्हायला सुमारे पावणेचार टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि ४ टक्के म्हणजे जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी.

अशा टाकीत मृत्यू झालाच, तर शवविच्छेदनातूनही फारसे हाती लागत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तात कार्बोक्सिहिमोग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनशी जोडलेल्या) रूपाने टिकतो, हायड्रोजन सल्फाइडचा माग त्यापासून शरीरात बनणाऱ्या थायोसल्फेटवरून लागतो. कार्बन डायऑक्साइड मात्र मृत्यूनंतर कोणाच्याही रक्तात वाढतोच. त्यामुळे व्हिसेरा (मृताच्या अवयवांचे नमुने) नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत गेला, तरी सी.ए. (केमिकल अॅनालायझर, म्हणजे रासायनिक विश्लेषक) रिपोर्टमध्ये विष आढळले नाही एवढेच येण्याची शक्यता अधिक. तपासाची मदार राहते ती घटनास्थळीच्या हवेच्या मोजणीवर, आणि बचावासाठी झाकणे उघडून पंखे लावले (ते लावलेच पाहिजेत) की ती हवाही उरत नाही. म्हणूनच वेळेसह नोंदी साठवण्याची या यंत्रातली सोय मला सर्वांत मोलाची वाटली, जी माहितीपत्रकात शेवटच्या ओळीत दिली आहे.

वायनरीसाठी खरेदी करताना इन्फ्रारेड पद्धतीचा कार्बन डायऑक्साइड सेन्सर असलेलेच मॉडेल मागावे. ते महाग पडते, पण विक्रेता स्वतःहून सुचवेलच असे नाही. आमचा डिटेक्टर आता सांडपाणी विभागाकडे दिला आहे. त्या कामासाठी पाचपैकी साडेचार गुण, टाकीसाठी दीड.